पान तेवीस, ओळ सहा, शब्द दोन

ते एकोणीसशे त्र्याण्णव साल. परीक्षा मंडळाच्या गोपनीय विभागात एक टंकलेखिका बाई होत्या. पर्समधून चुकून घरी आलेली ऑफिसची टाचणीसुद्धा त्या दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवत. प्रश्नपत्रिका टाइप करायचं काम त्यांच्याशिवाय कोणाला मिळत नसे.

त्या वर्षी त्यांच्या धाकट्या दिराने पहिल्या पगारातून कॉम्प्युटरवरचा एक खेळ विकत आणला. भुयारं, किल्ले आणि कंदील घेऊन हिंडणारा एक सरदार. बाकीचे लोक फ्लॉपी मागून आणत. याने पूर्ण किंमत मोजली म्हणून सगळे त्याला हसले. खेळाबरोबर एक इंग्रजी पुस्तिका होती. खेळ सुरू करताना पडद्यावर प्रश्न येई: अमुक पानावर, तमुक ओळीत, इतकावा शब्द कोणता? तो बरोबर टाइप केला तरच सरदार हलायचा. पुस्तिका गडद लाल कागदावर काळ्या शाईने छापलेली, त्यामुळे झेरॉक्स काढली की नुसतं काळं पान हाती येई.

"पैसे मोजले मी आणि रोज परीक्षाही मीच द्यायची," दीर कुरकुरे. "चोराला सोडून गिऱ्हाइकावर पहारा."

बाईंनी हे कौतुकाने ऑफिसात सांगितलं, तेच चुकलं.

"बाई, लेकीसाठी दोन दिवस द्या की फ्लॉपी," हेडक्लार्क म्हणाले. "आपण शेजाऱ्याला पुस्तक वाचायला देत नाही का?"

"पुस्तक दिलं की आपल्याकडे राहत नाही."

"मग हे तर त्याहून बरं. दिलं तरी राहतं."

दिराला न विचारता त्यांनी फ्लॉपी दिली. चार दिवसांनी ऑफिसात त्या लेकीचा फोन आला. "काकू, पान तेवीस, ओळ सहा, शब्द दोन?" आता पुस्तिकाही द्यावी, तर दीर संध्याकाळी खेळायला बसणार. मग बाई रोज सकाळी ती पर्समध्ये घालून नेऊ लागल्या आणि संध्याकाळी गुपचूप जागेवर ठेवू लागल्या. हेडक्लार्कांच्या लेकीने आपल्या मैत्रिणींना फ्लॉपी उतरवून दिली, मैत्रिणींनी भावंडांना. महिन्याभरात सहा घरांतून फोन यायला लागले. एकदा हो म्हटल्यावर नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं, म्हणून बाई आवाज बारीक करून उत्तरं देत राहिल्या. "कँडल." "ब्रिज." "मिडनाइट."

टेलिफोन ऑपरेटरने आठवडाभर हे सगळं वहीत टिपलं आणि वही साहेबांपुढे ठेवली. परीक्षेला वीस दिवस होते. साहेबांनी इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेचं सील फोडलं. उताऱ्यात पूल होता, मेणबत्तीही होती. त्यांनी छपाई थांबवली आणि बाईंना बोलावलं.

"बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. कोणाला फोडलात पेपर?"

सगळा विभाग दारात गोळा झालेला. बाईंनी पर्समधून लाल पुस्तिका काढून टेबलावर ठेवली. "पेपर नाही फोडला, साहेब. दिराचा खेळ लोकांना वाटला."

"सिद्ध करा."

तेव्हा हेडक्लार्कांनी निमूटपणे आपल्या खणातून फ्लॉपी काढली. ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बऱ्याचदा फिरली होती, हेही तेव्हाच उघड झालं. साहेबांनी शब्द टाइप केला, सरदार चालायला लागला. खात्री करून घ्यायला साहेबांना दोन तास लागले. तिसऱ्या भुयारापर्यंत खात्री झाली. मग त्यांनी फाइलवर शेरा लिहिला: 'चौकशी केली. काहीही चोरीला गेलेले नाही.' लोकांनी बाईंचं अभिनंदन केलं. बाईंना मान वर करता येईना. घरी जाऊन त्यांनी पुस्तिका जागेवर ठेवली. दिराला सांगायचे शब्द जुळवेपर्यंत तो जेवून झोपलासुद्धा.

दोन वर्षांनी दिराने स्वतः एक खेळ तयार केला. गिऱ्हाइकावर पहारा नको म्हणून त्याला कुलूप घातलं नाही. एकोणीस प्रती खपल्या.

"तुमच्या दिराचा खेळ काय झकास आहे," हेडक्लार्क बाईंना म्हणाले. "आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे आहे."

साहेब बढती मिळून दुसरीकडे गेले. ऑपरेटर सहाही घरांत सगळ्यात पटाईत खेळाडू झाली, असं म्हणतात. हेडक्लार्क निवृत्त झाले. आता ते फोनवर दिराचाच नवा खेळ खेळतात. तो फुकट आहे. फक्त बंद दारासाठी आठ तास थांबायचं, नाहीतर किल्ली विकत घ्यायची. "फुकट म्हणतात आणि किल्लीला पैसे मागतात, ही शुद्ध लूट आहे," असं ते भेटेल त्याला सांगतात. दिराचं त्या किल्ल्यांवर उत्तम चाललं आहे. तो दर रविवारी वहिनीकडे जेवायला येतो.

"वहिनी, एक गंमत सांगू?" परवाच तो म्हणाला. "कोणीतरी सात वर्षं रोज सकाळी एक किल्ली विकत घेतंय. अडीच हजार झाल्या असतील. एकही वापरलेली नाही. काय करत असेल हो तो माणूस?"

"असेल एखादं वेडं," बाई म्हणाल्या आणि पाणी आणायला उठल्या.