गॅरेजमधला फ्रान्सचा चढ

शनिवारी सकाळी सिडनीतल्या टूनगॅबीत टिपणिसांच्या गॅरेजमध्ये परीक्षा होती. परीक्षेला बसणार होता गुरुदत्त टिपणीस, वय वर्षं एकसष्ट. परीक्षक होती त्याची बायको विनीता, जिने आधी पुण्यात आणि मग सिडनीत जन्मभर पोरांना गणित शिकवलं होतं. मुलगी उर्वी युनीत फिजिओचं शिकत होती, म्हणून तिला बाबांच्या नाडीवर लक्ष ठेवायला बसवलं होतं. गाडी बाहेर ड्राइव्हवेवर थंडीत कुडकुडत उभी होती, कारण तिच्या जागेवर कित्येक महिने फ्रान्सचा मुक्काम होता.

झालं होतं असं, की गेल्या स्प्रिंगमध्ये रिचमंडच्या रस्त्यावर एका मॅगपाय पक्ष्याने गुरुदत्तच्या हेल्मेटवर झडप घातली आणि तो सायकलसकट चरात गेला. कॉलरबोन मोडलं. इमर्जन्सीच्या खुर्चीवर ती दुपार आपण कशी काढली, ते विनीताने कोणालाच सांगितलं नाही. घरी आल्यावर तिने फक्त सायकलचं मागचं चाक काढायला लावलं. तेव्हापासून सायकल गॅरेजमध्ये ट्रेनर नावाच्या यंत्रावर बसवलेली होती. समोर टीव्हीवर खराखुरा रस्ता दिसायचा, आणि रस्ता चढला की ट्रेनर पेडल जड करायचा, उतरला की हलकं.

टीव्हीवरचा तो रस्ता फ्रान्सचा, दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यातला. गुरुदत्तचा कॉलेजपासूनचा मित्र हेमचंद्र, जो आता मेलबर्नला पॉइंट कुकमध्ये असतो, येत्या सप्टेंबरात मित्रांना घेऊन तिथे खरोखरची सायकल मारायला निघाला होता. गुरुदत्तशिवाय जाणार नाही, असं म्हणून तो हटून बसला होता.

"अगं, फ्रान्समध्ये मॅगपाय असे अंगावर येत नाहीत," गुरुदत्तने सांगून पाहिलं.

"ट्रक येतात. आणि तेही उलट्या बाजूने."

महिनाभर असं चालल्यावर विनीताने शेवटी अट घातली. नदीकाठचा तो सगळा फेरा गॅरेजमध्ये, तिच्या डोळ्यांसमोर, पाय जमिनीला न टेकवता पुरा करायचा. केला, तर खुशाल फ्रान्सला जायचं. नाही केला, तर सायकल विकायची आणि परत नाव काढायचं नाही.

गुरुदत्तने अट आनंदाने मान्य केली आणि मग त्याला झोप लागेना. फेऱ्याच्या शेवटी, डोंगरमाथ्यावरच्या गावात शिरताना एक चढ होता. त्या चढावर एक अक्रोडाचं झाड होतं, आणि त्या झाडापाशी आजवर दर वेळी त्याचा पाय खाली आला होता.

"वेडा आहेस का?" हेमचंद्र फोनवर म्हणाला होता. "सेटिंगमध्ये डोंगराचं चित्र आहे ना, त्याखालची पट्टी शून्यावर आण. चढ दिसतो, पण पायाला लागत नाही. वहिनींना काय कळतंय!"

शुक्रवारी संध्याकाळी गुरुदत्तने ट्रेनर ज्यावरून चालायचा त्या टॅबवरची पट्टी शून्यावर आणली. चाळीस वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगच्या परीक्षेतही केली नव्हती, अशी कॉपी तो आता करत होता. त्याला वाईट वाटलं. पण झोप छान लागली.

सकाळी तो खाली आला तेव्हा विनीता आधीच खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर शाल, शालीवर टॅब. तो आत येताच तिने टॅब पटकन उलटा ठेवला.

"बसा. फोन बाजूला ठेवा."

"हेम्या पण माझ्याबरोबर फेरा करणार आहे गं, पॉइंट कुकहून. स्पीकरवर राहू दे त्याला."

"राहू दे. पण उत्तरं सांगायची नाहीत," ती म्हणाली.

सुरुवातीला नदी सोबतीला होती आणि सगळं झकास चाललं होतं. मग पहिला चढ आला आणि पेडल जड झालं. गुरुदत्त चपापला. पुढच्या वळणावर ते इतकं जड झालं, की आपण पेडल मारतोय की भरलेलं कपाट सरकवतोय, हे त्याला कळेना.

"काय रे गुऱ्या, मागे का?" फोनमधून हेमचंद्र ओरडला. "ठरलं तसं ठेवलंयस ना?"

"ठेवलंय रे!"

"काय ठेवलंय?" विनीताने विचारलं.

"पाणी! बाटलीत पाणी ठेवलंय."

"मग प्या की."

तो पाणी प्याला. पेडल काही हलकं झालं नाही. "विनू, तो टॅब जरा दे ना. आवाज कमी करतो."

"पेपर चालू असताना टॅब मिळणार नाही. आवाज मी करते कमी." तिने केलाही.

आता काय करणार? पट्टी बिघडलीय म्हणावं, तर कुठली पट्टी हे सांगावं लागलं असतं. गुरुदत्तने सगळ्यात हलका गिअर टाकला आणि मान खाली घातली. गावं आली, गेली. प्रत्येक गावात विनीता "अहो, ती खिडकी बघा, कसली गोड फुलं लावलीत!" म्हणत होती आणि त्याला स्वतःच्या नाकावरून गळणाऱ्या घामापलीकडे काही दिसत नव्हतं.

"उर्वी, नाडी?"

"ही इज फाइन, आई. थोडी हाय आहे, बट स्टेडी. बाबा, यू ओके?"

"नो वरीज," गुरुदत्त म्हणाला. निदान ओठ तरी तसे हलले.

मग अक्रोडाचं झाड आलं. ट्रेनर कण्हायला लागला. गुरुदत्तच्या मांड्या थरथरत होत्या, आणि उजवा पाय सवयीने खाली यायला निघालाच होता. तेवढ्यात शाल खाली पडली. विनीता उठून उभी राहिली होती.

"अहो, नाही हं! एवढं एक वळण! बघा, चर्च दिसतंय. पाय नाही टेकवायचा, माझ्याकडे बघा!"

त्याने बघितलं. परीक्षकाच्या डोळ्यांत पाणी होतं. हे काय चाललंय, हे त्याला कळलं नाही, पण पाय मात्र वर गेला. मग दुसरा गेला. झाड मागे पडलं. कधी नव्हे ते मागे पडलं! चर्च जवळ आलं, टीव्हीवर रंगीत कागदांचा पाऊस पडला, आणि गुरुदत्त सायकलवरून उतरून गॅरेजच्या गार फरशीवर आडवा झाला.

"झालं एकदाचं?" हेमचंद्रचा आवाज आला. "काय लेका, शून्यावर ठेवून एवढ्या धापा? खरा चढ असता तर मेलाच असतास!"

उर्वीने पुढे होऊन फोन बंद केला.

"शून्यावर म्हणजे?" विनीताने विचारलं.

गुरुदत्तने पडल्या पडल्या सगळं सांगितलं. झाड, पट्टी, शुक्रवारची संध्याकाळ. "चुकलंच माझं. सायकल विक. मी नापास."

"बट बाबा," टॅब बघत उर्वी म्हणाली, "इट्स नॉट ऑन झीरो. इट्स ऑन हंड्रेड!"

बापलेकींनी विनीताकडे बघितलं. ती शालीची घडी घालायला लागली होती, आणि ती घडी काही केल्या नीट बसेना.

"मला काय माहीत!" ती शेवटी म्हणाली. "सकाळी टॅब उघडला, तर डोंगराच्या चित्राखाली शून्य. मला वाटलं, मशीन माणसाला मदत किती करतं, त्याची ती पट्टी. एवढा माणूस आणि शून्य! जन्मात कोणाला शून्यावर सोडलं नाही मी. म्हटलं, थोडे ग्रेस मार्क देऊ. पस्तीस करणार होते. मग तुमची पावलं वाजली जिन्यावर, आणि शंभरच करून टाकले."

गुरुदत्त कोपरावर उठून बसला. "पण मी जाऊ नये, असंच वाटत होतं ना तुला?"

"वाटत होतंच. अजून वाटतं. पुन्हा त्या इमर्जन्सीत बसायची ताकद नाही माझ्यात." तिने घडी सोडून दिली. "पण तुम्ही नापास झालेले मला बघवलं नसतं हो."

"सो टेक्निकली," उर्वी म्हणाली, "दोघांनी चीट केलं आणि बाबांनी खराखुरा चढ चढला. ऑल ऑफ इट."

विनीताने थोडा विचार केला. मग पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट बांधली. "उठा. बाजूला व्हा. मला बसू दे त्याच्यावर."

"तू?"

"मग काय, मी इथे बसून फोनची वाट बघू? सप्टेंबरात मी पण येणार. उर्वी, ते झाड होतं ना, तिथून लाव."

उर्वीने सीट खाली केली, रस्ता लावला, आणि बाबांकडे एक नजर टाकून टॅबवर हळूच बोट फिरवलं. विनीताने पेडल मारलं. दोन्ही पाय भराभर फिरायला लागले. अक्रोडाचं झाड आलं आणि गेलं.

"अहो, हाच का तो चढ?"

"हाच."

"एवढ्याशा चढाला एवढा घाम? काहीच तर नाहीये!"

गुरुदत्तने तोंड उघडलं. उर्वीने टॅब पाठीमागे लपवून मान हलवली. त्याने तोंड मिटलं, विनीताने त्याच्यासाठी करून ठेवलेला लिंबू सरबताचा पेला उचलला आणि लंगडत सायकलच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"तुझी ताकदच वेगळी, विनू," तो म्हणाला. "पण जरा हळू. माझ्यासाठी."

"बरं," विनीता म्हणाली. "वर गावात थांबते मी. या सावकाश."