पेन्शनचा रकाना आणि माझं आजारपण

अमेरिकन माणूस जगात कुठेही जाऊन राहो, दरवर्षी मायदेशी टॅक्सचं रिटर्न धाडतोच. मी तर ते स्वतः भरतो! इंग्लंडातल्या हडर्सफील्डच्या गालिच्यांच्या कारखान्यात सहा वर्षं नोकरी झाली, पण सल्लागाराला एक पौंड दिला नाही, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे.

यंदा कुठेतरी वाचलं की इथली कंपनी पेन्शनमध्ये जे भरते तेही तिकडे दाखवायचं असतं, नाहीतर वर्षाला दहा हजार डॉलर दंड. मी काहीच दाखवलं नव्हतं. म्हणजे साठ हजार! राहतं घर विकावं लागणार, कदाचित तुरुंगही. माझी पाचावर धारण बसली.

बायकोला न सांगता मी पगार विभागातल्या मॉरीनबाईंकडे गेलो.

"पेन्शन सगळी आत्ताच काढता येते का? नाहीतर मी नसलो तर मागे बायकोला किती मिळेल?"

बाईंनी चष्मा काढला. "वेंडेल, तू आधी बस. चहा घे."

इंग्रज माणूस पुढचं विचारत नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्याचे मालक हेपवर्थसाहेब यांनी दारालगतची गाडी लावायची जागा मला दिली. केक आला. सगळ्यांच्या सह्यांचं एक शुभेच्छा-कार्ड माझ्या पाठीमागे फिरू लागलं. दंडाची बातमी फुटली, असं मी समजलो आणि भेटेल त्याला सांगत सुटलो, "चूक माझीच. वेळेवर तपासायला हवं होतं." लोक डोळे पुसायचे.

शेवटी ऐट गुंडाळून लंडनच्या एका सल्लागारबाईंना फोन केला. कागद पाहून त्या म्हणाल्या, दोन्ही देशांचा करार आहे, तुम्हाला दंडही नाही आणि करही नाही, दर वर्षाच्या रिटर्नला एकेक पान जोडून देऊ. घर वाचलं! मी चक्क रडलो.

सकाळी मॉरीनबाईंना सांगितलं, सगळं ठीक निघालं. त्यांनी मला मिठीच मारली.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"कसले डॉक्टर? टॅक्सचा घोळ होता."

बाईंनी पुन्हा चष्मा काढला. मग हळूच म्हणाल्या, "साहेबांनी तुझ्या बायकोच्या काळजीने पेन्शनमधला कंपनीचा वाटा दुप्पट केलाय रे."

साहेबांना खरं कळलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन आनंद झाल्याचं सांगितलं, पण वाढवलेला वाटा परत मागायची त्यांना लाज वाटली. मीही विषय काढला नाही. अमेरिकेला मात्र तो रिटर्नमध्ये कळवावा लागणार.