शंकरपाळी बेट आणि कुंदाकाकू

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुंदाकाकूंनी थर्मामीटर लुटले. कतारला, दोह्यात अल थुमामा भागातल्या आमच्या कंपाउंडमध्ये बायका वाण म्हणून डबे देतात, गाळण्या देतात, फार तर एखादी पर्स. काकूंनी प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ ठेवला, थर्मामीटर ठेवला आणि विचारलं, "तुला ताप चढला तर दवाखान्यात न्यायचं हे कोण ठरवतं? तू की नवरा?" निम्म्या जणी अत्तर लावून न घेताच सटकल्या.

काकू माझ्या शेजारी. वय बासष्ट, गाव चिपळूण, मुक्काम मुलाकडे. ओळख मात्र "मी संशोधक" अशीच करून देतात, आणि कोणी हसलं तर त्याची धडगत नाही. हिंदी महासागरातल्या एका बेटांच्या देशावर त्यांची पीएचडी चाललीय. लहानशा बेटावर माणूस आजारी पडतो, मोठं हॉस्पिटल राजधानीत. मग बोट सोडायची की नाही हे बेटावरच्या पंचायतीने ठरवायचं की राजधानीतल्या साहेबाने, आणि तोवर पेशंटचं काय होतं, हा विषय. मला हे इतकं नीट सांगता येतं, कारण मी चार वर्षं ऐकतेय. त्यांचं एक वाक्य तर आमच्या वॉचमनलाही पाठ आहे: "पेशंट इथे, सही तिथे. सगळा घोळ तोच आहे."

गेल्या उन्हाळ्यात आमचा एसी बंद पडला. मेंटेनन्सवाला म्हणाला, अबू हमूर भागातल्या ऑफिसातून अप्रूव्हल आलं की बघतो, इन्शाल्ला. काकू कुठून उगवल्या कोण जाणे. "बघ, पेशंट इथे, सही तिथे," म्हणाल्या आणि त्याची मुलाखतच घ्यायला बसल्या. माझ्या अंगाची लाही होतेय आणि ह्या त्याला सत्तेचं विकेंद्रीकरण समजावतायत. पण मग त्यांनीच ऑफिसला फोन लावला आणि तिकडचा साहेब "खलास, झालं समजा, आज करतो" म्हणेपर्यंत ठेवला नाही.

पेशंटची ओळख उघड होऊ नये म्हणून काकूंनी बेटांना टोपणनावं दिली होती. करंजी, चकली, शंकरपाळी. दिवाळीच्या सुट्टीत लिहायला बसल्या होत्या, दुसरं काय सुचणार? ती नावं बदलायची राहिली आणि प्रबंध तसाच विद्यापीठात गेला. परीक्षकांनी कळवलं, चकली नावाचं बेट नकाशात सापडत नाही. काकूंना लाज वगैरे काही वाटली नाही. "सापडत नाही ना? मग गुप्तता चोख पाळली गेलीय," म्हणाल्या.

तोंडी परीक्षा ऑनलाइन होती. मुलगा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर ड्यूटीला, सून ऑफिसात, आणि नातीने "आजी, नॉट नाऊ, माझा क्लास आहे" म्हणून दार लावून घेतलेलं. म्हणून काकू इरकल नेसून, लॅपटॉप घेऊन सकाळीच माझ्या डायनिंग टेबलावर हजर. मी स्वयंपाकघरात, कान बाहेर.

बराच वेळ छान चाललं. मग परीक्षक शेवटच्या प्रकरणावर आले. शंकरपाळी बेटावरच्या एका बाईंची हकीकत होती ती. आजारी नवऱ्याला धक्क्यावर निजवून त्या बोटीच्या परवानगीची वाट बघत बसल्या. परवानगी आली, तोवर नवरा राहिला नव्हता.

"मॅडम, हे संशोधन नाही, गोष्ट झाली. शिवाय या बाईंशी तुमचं अजून दर शुक्रवारी फोनवर बोलणं होतं म्हणे. डेटा गोळा करून झाला ना?"

"डेटा झाला, सर. बाई आहेत अजून."

"हे प्रकरण काढा, आजच तुम्हाला डॉक्टर म्हणतो. नाहीतर प्रबंध परत जाईल. मग किती वर्षं लागतील सांगता येत नाही. तुमच्या वयाकडे बघून सांगतोय."

मी दारात येऊन उभी राहिले. मनात म्हटलं, काढा हो काकू, एवढं काय त्यात. काकूंनी पदर खोचला.

"ती बाई धक्क्यावर थांबली होती, सर. मीही थांबते. प्रकरण निघणार नाही."

लॅपटॉप मिटला. मला संताप आला होता. "काकू, हातात आलेली डिग्री घालवलीत. एक प्रकरण तर होतं."

"एक बाई होती," काकू म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा स्पीकर कायम चालू. शंकरपाळीच्या त्याच बाई होत्या. दोघींची बोली म्हणजे मोडकीतोडकी हिंदी.

"कुंदा दीदी, पास?"

"नहीं. आपको निकालने को बोले. मैंने नहीं निकाला."

पलीकडून आवाज आला, "छोड़ो. खाना खाया?"

"नहीं."

"क्यूँ? सुबह से नहीं?"

परीक्षकांसमोर ताठ बसलेल्या काकू एकदम रडायला लागल्या. "कोणी विचारलंच नाही गं," त्या चक्क मराठीत म्हणाल्या. दर शुक्रवारी काकू त्या बाईंची चौकशी करतात, असं मला वाटायचं. चौकशी तिकडून इकडे होत होती.

मी कुकर लावला. शिट्टी पलीकडेही ऐकू गेली असावी, कारण काय शिजतंय म्हणून प्रश्न आला. वरणभात, मी ओरडून सांगितलं. काकूंनी पहिला घास घेईपर्यंत त्या बाईंनी फोन ठेवला नाही.