प्रमुख शुभेच्छुक

उलट उत्तर देण्यात माझा हात धरणारं माणूस अजून अख्ख्या कशेळीत जन्मायचंय! नऊ वर्षं गोडाऊनमध्ये काढलीत. ट्रक आडवा लावणाऱ्या ड्रायव्हरला मी एका वाक्यात सरळ करते, ट्रकसकट. तेव्हा लिंक्डइनवरच्या दीड ओळीच्या कमेंटला उत्तर द्यायला मला तीन दिवस लागतील, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

झालं असं, की आमच्या मजीद शेठनी मला वेअरहाऊस हेड केलं. पिवळं जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, मागे मालाच्या थप्प्या, असा फोटो मी ऐटीत लिंक्डइनवर टाकला. भराभर अभिनंदनं आली. त्यात मुंबईच्या एका साबण कंपनीचे व्हाइस प्रेसिडेंट उगवले.

'अभिनंदन! हेल्मेटमध्येही गोड दिसता. पण एवढे ट्रक तुम्ही सांभाळता, तर घरी पोळ्या कोण लाटतं?' आणि पुढे डोळा मारणारा चेहरा!

हेच साहेब गुरुवारी आमचं गोडाऊन बघायला येणार होते. त्यांचा साबण आमच्याकडे आला, तर त्या मालाची सगळी जबाबदारी माझी. नाही आला, तर शेठ तोंडानं काही बोलणार नाहीत, पण हेडची खुर्ची हळूच दुसऱ्याकडे सरकणार. बरं, गप्प बसावं तर कमेंट सगळ्या गोडाऊननं वाचलेली! सोमवारी एक लोडर मला म्हणालाच, "मॅडम, आज जल्दी निघणार का? रोटी बनवायची असेल ना!" हेड होऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते.

मग सुरू झाली चर्चा.

"उन्नती बेटा, जाने दे," मजीद शेठ म्हणाले. "गिऱ्हाईक आहे. एक हसरा चेहरा टाक आणि विसर."

"हसरा?" बिलिंगच्या इरमनं टेबलावर हात आपटला. "मॅडम, तुम्ही फक्त हो म्हणा. असं लिहिते, की तो बंदा अकाउंट बंद करून गावाला जाईल!"

घरी नवऱ्यानं, मनोजनं, सोपा उपाय सांगितला. "पोस्टच काढून टाक ना."

"उद्या रस्त्यात कुणी बोललं, तर रस्ता काढून टाकायचा?"

त्यावर त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

सासूबाईंना, म्हणजे जानकीबाईंना, वेगळाच राग आला होता. "पोल्या? आपल्याकरं पोल्या कवा झाल्या? तांदलाची भाकर हाय ती! नि ती लाटीत न्हाय, थापतान. नि मी थापतंय. लिव त्याला!"

"आई, प्रश्न भाकरीचा नाहीये."

"मंग इचारलं कशाला त्यानं?"



मी चौदा मसुदे केले. पहिल्यात नुसत्या शिव्या होत्या. पाचव्यात आकडेवारी. नववा इतका नम्र झाला, की वाचून मला स्वतःचाच संताप आला. अकराव्यात इरमनं एक शेर घुसडला, तो शेठनी काढला, तिनं पुन्हा घातला. शेवटी बुधवारी संध्याकाळी मी दोघांनाही बाहेर काढलं आणि लिहिलं: 'माझ्या घरच्या स्वयंपाकाची चौकशी केल्याबद्दल आभार. उद्या याल तेव्हा माल, रॅक आणि आग विझवायच्या सोयीबद्दल विचारा. त्याची उत्तरं देणं हे माझं काम आहे.'

टाकलं! इरमनं टाळ्या पिटल्या. शेठ डोळे मिटून बसले. मला तर दोन इंच उंच झाल्यासारखं वाटलं.

गुरुवारी सकाळी कशेळी नाक्यावर पोचले आणि स्कूटीच बंद पडली. म्हणजे मीच बंद केली. समोर वीस फुटी बॅनर! मध्ये मी, हेल्मेट घातलेली. आणि माझ्या शेजारी, अगदी माझ्याएवढे, हसतमुख व्हाइस प्रेसिडेंट! त्यांच्या खाली सोनेरी अक्षरांत 'व्हाइस प्रेसिडेंट' आणि 'प्रमुख शुभेच्छुक'. मजीद शेठ एका कोपऱ्यात. मनोज तर दिसेचना. मग सापडला, शर्टाच्या बटणाएवढा.

हे काम एकाच माणसाचं. माझा दीर भाविक. त्याचं भिवंडीत फ्लेक्सचं दुकान आहे, आणि आमच्याकडे पोराला दात आला तरी बॅनर लागतो. मी त्याला फोन लावला.

"वहिनी! कसा झालाय? सरप्राइज!"

"त्या माणसाचा फोटो कुणी दिला तुला?"

"तुमच्या लिंक्डइनवरूनच घेतला. ज्यांनी ज्यांनी अभिनंदन लिवलं, ते सगले घेतले. ज्याचा हुद्दा मोठा, त्याचा फोटो मोठा. रीतच हाय ना ती!"

"अरे, अभिनंदनच्या पुढचं वाचलंस का?"

"पुढचं कोन वाचतंय, वहिनी?"

"आत्ताच्या आत्ता उतरव!"

"शिडी वज्रेश्वरीला गेलीय."

तेवढ्यात समोर एक ट्रेलर अडकला, त्यामागे एक पांढरी गाडी थांबली आणि तिच्यातून खुद्द साहेब उतरले. त्यांनी बॅनर पाहिला. गॉगल काढून पुन्हा पाहिला. मग त्याच्यासोबत सेल्फी काढला!

"मॅडम, कालचं उत्तर वाचून मी जरा नाराजच होतो," ते खुलून म्हणाले. "पण हे बघून कळलं, तुम्ही ते मजेत घेतलंत!"

चौदा मसुदे! तीन दिवस! मला रडू येईल असं वाटलं. तोच रिक्षातून सासूबाई उतरल्या. नऊवारी नेसून, हातात नारळ घेऊन, सुनेच्या बॅनरपुढे फोडायला. त्यांनी एकदा बॅनरकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे.

"तुमीच का ते? पोल्या इचारनारे?"

साहेबांनी नारळाकडे बघत मान हलवली.

"आमच्याकरं भाकर हाय. ती मी थापतंय, जानकीबाई. तुमच्या घरी कोन करतंय जेवान?"

"बाई आहेत एक. अकरा वर्षं आहेत."

"नाव काय तिचं?"

साहेबांनी गॉगल पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आम्ही... मावशी म्हणतो."

"इचारा आज घरी जाऊन," सासूबाई म्हणाल्या आणि खाडकन नारळ फोडला.

पुढचे दोन तास साहेबांनी माल, रॅक आणि आग विझवायची सोय, याखेरीज अवाक्षर काढलं नाही. आठवड्याभरात साबण आला. तो लोडर आता 'मॅडम' म्हणून गप्प राहतो. साहेबांनी कमेंटही काढून टाकली. तिच्यासोबत तिच्याखालचं माझं उत्तरसुद्धा गेलं! आता ते मला आणि इरमलाच पाठ आहे.

भाविकनं मात्र चूक सुधारली. शिडी परत आल्यावर त्यानं साहेबांच्या चेहऱ्यावर सासूबाईंचा फोटो चिकटवला. चेहऱ्यावरच. खालचं 'व्हाइस प्रेसिडेंट' तसंच राहिलं. सासूबाईंनी इरमकडून ते वाचून घेतलं, त्याचा अर्थ विचारून घेतला, आणि घरी येऊन टीव्हीपुढे मांडी ठोकली.

"एवरं मोठं सायब कुटं भाकऱ्या थापतान का?"

मनोजनं एक थापून पाहिली, ती तव्यावरून परत आलीच नाही. गेले चार दिवस आम्ही पाव खातोय. तेव्हा आता कुणी सभ्यपणे जरी विचारलं, की घरी भाकरी कोण थापतं, तर खरं सांगते, माझा पंधरावा मसुदा चालू आहे!