न नासणाऱ्या दुधाच्या दौलतीचा पाडाव

दौलती कैशा चढल्या हे सांगणारे पुष्कळ. एक दौलत दुधापायी कैशी बुडाली, ते वर्तमान जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे. वाचणारांनी हातातला पेला क्षणभर खाली ठेवून ऐकावे.

त्या समयी दूध कंपनीचे तख्ती धाकटे मालक विराजमान होते. थोरले मालक निवर्तल्यावर त्यांच्या पत्नी वहिनीसाहेब यांनी तपासणीखोलीची सुभेदारी काचेच्या नळ्यांच्या बळावर वीस वर्षे राखिली. या दिराचे नाक लहानपणी त्यांनीच पुसले होते, म्हणोन दरबारी त्यांचा दबदबा थोर.

एके दिवशी वहिनीसाहेबांनी कंपनीच्या दुधाचे भांडे खिडकीत उघडे ठेविले. अकरा दिवस लोटले आणि दूध नासेना, मग लिंबू पिळिले तरी फाटेना, आणि मुंग्यांची फौज चालून आली ती भांड्यास वळसा घालून माघारी गेली. बाईंस संशय आला. शोध करविता मिश्रणखान्यात निळे पिंप सापडले. शाळेत मेलेला बेडूक बरणीत ज्या औषधात ठेवितात, तेच ते औषध. मग त्यांनी मालकांकडे अर्ज गुदरला, आणि मालकांनी तो वाचून फर्मान सोडिले की, पिशवीवर 'अकरा दिवस ताजे' ऐसे ठळक छापावे.

आठवड्यात शहरातील शाळेत दीडशे मुले पोट धरून आडवी जाहली. सारी वाचली, परंतु वहिनीसाहेबांस घास गोड लागेना, आणि मग त्यांनी स्वहस्ते खलिता लिहून अन्न तपासनिसांकडे रवाना केला.

तपासनीस दुसरेच दिवशी दोन शिपाई आणि एक बर्फाची पेटी ऐशा सरंजामानिशी चालून आले. मालकांनी फाटकापासून गालिचा अंथरविला आणि बैठकीत चहा मागविला. चहा कोरा आला.

"दुधाच्या कंपनीत चहा कोरा का?" तपासनिसांनी विचारले.

मग तपासनिसांनी कंपनीच्याच दुधाचा पेला मध्ये ठेवविला आणि कोणीही प्यावा ऐसा हुकूम केला. कारखान्याचे व्यवस्थापक म्हणाले, आपणांस दूध पचत नाही. विक्रीप्रमुखांची दाढ दुखू लागली. आणि पहारेकरी, ज्यास कोणी पुसलेही नव्हते, तोही उगाच खोकू लागला.

मालक हट्टाचे पक्के. "माझं दूध आहे, मीच पितो," ऐसे बोलून त्यांनी पेला उचलिला, आणि तो ओठांस लागणार तोच वहिनीसाहेबांनी झेप घालून मनगट धरिले.

"भाऊजी, खाली ठेवा."

"वहिनी, सगळे बघताहेत."

"बघू देत. तुम्हाला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

मालकांनी पेला खाली ठेविला, आणि त्याच घटकेस कंपनी पडली. मग पिंपे जप्त जाहली, यंत्रांस मोहोरा लागल्या, आणि परवाना भिंतीवरून उतरविला गेला.

पंचनाम्यावर साक्षीदार म्हणोन वहिनीसाहेबांची सही हवी होती. त्यांचे पेन कागदावर टेकले, परंतु शाई उतरेना. झटकले, फुंकले, तरी उतरेना. शेजारी मालक मान खाली घालून उभे होते. त्यांनी खिशातले आपले पेन काढिले, टोपण उघडिले आणि पुढे केले.

"हे घ्या. जरा दाबून लिहा, खाली कार्बन आहे."

वहिनीसाहेबांनी दाबून सही केली.

येणेप्रमाणे वहिनीसाहेबांची फत्ते जाहली, ती दफ्तरी दाखल असे. मोटार जप्तीत गेल्याकारणे विजयी व पराभूत दोन्ही पक्ष एकाच रिक्षाने घरी गेले.