चार चौकटींची सुगरण

श्रीरामपूरच्या रंगनाथला ना विडीचं व्यसन, ना पत्त्यांचं. त्याला नाद होता शब्दकोडी बनवायचा. कागदावर पट्टीनं चौकटी आखायच्या, काही शाईनं काळ्या करायच्या आणि आडवे-उभे शब्द एकमेकांत बसेपर्यंत हाकेला ओ द्यायची नाही. अकरा वर्षं गावच्या साप्ताहिकात दर रविवारी त्याचं कोडं येई. त्यात एकदाही चूक निघाली नव्हती, आणि हे तो पाहुण्यांना चहाच्या आधी सांगे.

एकदा मात्र एक कोपरा काही केल्या जुळेना. चार चौकटी, शेवटी 'बाई'. रंगनाथनं शेजारच्या राहीबाईंना तिथं बसवलं आणि खाली लिहिलं, 'हुलग्याचे शेंगोळे करावेत ते हिनेच.' कोपरा जुळला, गडी निवांत झाला.

रविवारी गल्लीत अंक आला. राहीबाई खूश झाल्याच, पण समोरच्या लंकाबाईंचं नावही चार अक्षरी, मागच्या बनाबाईंचंही. उभ्या शब्दांकडे बघतंय कोण? मान आपलाच हे पटवायला तिघींकडून पातेली भरभरून शेंगोळे आले. रंगनाथच्या बायकोनं, झुंबरबाईनं, ती पातेली बघितली आणि स्टोव्ह पेटवलाच नाही.

"शेंगोळे हायेत की," ती म्हणाली.

तीन दिवस सकाळ-संध्याकाळ शेंगोळेच. चौथ्या दिवशी रंगनाथनं हात जोडले. जागा चारचीच होती, तुझं नाव पडलं पाच अक्षरी, मी तरी काय करू, म्हणाला.

"अठरा वर्सं संसार केला," झुंबरबाई म्हणाली, "आन् तुमच्या कागदावर मला एक घर जास्तीचं निघंना व्हय?"

रंगनाथला खरंच वाईट वाटलं. त्यानं तिथल्या तिथं नवं कोडं आखलं. पहिलीच ओळ पाच चौकटींची, 'सुगरणींत सुगरण'. संपादकाच्या विनवण्या करून ते येत्या रविवारीच छापून आणलं, आणि अंक व पेन्सिल बायकोपुढं ठेवून बघत बसला.

झुंबरबाईनं बोटांवर अक्षरं मोजली. तिचे डोळे भरून आले. तिनं सावकाश लिहिलं, 'रतनबाई'.

"माज्या आयचं नाव छापलंत," ती पदरानं डोळे टिपत म्हणाली. "मला रांधायला तिनंच शिकिवलं. तुमी एवढे गुनाचे, मला ठावंच न्हवतं."

ती उठून भाकरी थापायला लागली. रंगनाथनं खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तव्यावरचा वास आला, आणि त्यानं ते मिटलं. पोटभर जेवून तो सायकलवर छापखान्यात गेला आणि पुढच्या अंकाच्या उत्तरातलं 'झुंबरबाई' स्वतःच्या हातानं खोडून 'रतनबाई' केलं. त्याच्या पहिल्या अक्षरावरून खाली 'झुंबड' उतरत होतं, त्याचं झालं 'रबड'.

उत्तर छापून आलं आणि पाठोपाठ बावीस पत्रं. 'गर्दी'चं उत्तर 'रबड' कसं, म्हणून सगळे विचारत होते. अकरा वर्षांतला पहिला माफीनामा लिहून रंगनाथ जेवायला बसला.

"जाऊ द्या," झुंबरबाई त्याच्या ताटात गरम भाकरी टाकत म्हणाली. "मानूस हाय, चुकायचंच. आयचं नाव तेवढं बरूबर आलं न्हवं?"