आईसाहेबांनी दुपार काबीज केली त्याची हकीकत

वाचणारांनी आधी हात पुसावे, मग या कागदास लावावे. सुट्ट्यांच्या हंगामाचा चौथा दिवस, वार कोणता हे घरात कोणासच ठाऊक नव्हते, ते दिवशी दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या व एक हॉल या मुलखात जो रणसंग्राम जाहला, त्याचा मजकूर ऐसा जे:

आईसाहेब म्हणजे बस आगारातील चौकशी काउंटरच्या खाशा सरदार. साडेसात वर्षे हजारो मुखांचे सवाल झेलोन अढळ राहिलेल्या. त्या सुट्टी मंजूर करवून घरी दाखल जाहल्या, आणि त्याच सांजेस नणंदबाई, त्यांचे यजमान, त्यांची दोन रत्ने, तीन सुटकेसा आणि एक फुगवायची गादी ऐसी मातबर फौज दारात उतरली, आणि मागाहून खुद्द सासूबाईसाहेब आल्या, आणि घरचे यजमान, एक कन्या व एक चिरंजीव पूर्वीपासून तळ देऊन होतेच, मग आठ जणांचा वेढा आईसाहेबांस पडला.

वेढ्याचे हत्यार एकच, ते म्हणजे ‘कुठे आहे’. टॉवेल कुठे, चार्जर कुठे, कात्री कुठे, कात्रीने जे कापायचे होते ते कुठे. यजमानांनी तर फ्रीज उघडोन, दुधाच्या पातेल्यास नजर भिडवोन, दूध कुठे आहे म्हणोन सवाल टाकला. आईसाहेब रोज दुपारी जरा पडते म्हणोन जाहीर करीत आणि तमाम फौज अवश्य पडावे म्हणोन आग्रह करी, आणि मग पाठोपाठ खोलीत येई. नणंदबाईंचा शिरस्ता ठरलेला, “तू पड गं वहिनी, उठू नकोस, नुसतं सांग.”

चौथे दिवशी आईसाहेबांनी मनाशी मसलत केली, की आज अर्धा तास डोळा लागला नाही तर सायंकाळी तोफ सुटेल, आणि ती बहुधा सासूबाईंवर सुटेल, आणि मग दोन्ही घरी पुढली दहा वर्षे तहाची बोलणी चालतील. खोलीची कडी गेल्या सुट्टीत चिरंजीवांच्या क्रिकेटात धारातीर्थी पडलेली, सबब दार लावण्यात अर्थ नव्हता. तेव्हा त्यांनी पर्स उघडली. आत, डब्यासोबत चुकोन घरी आलेली आगाराची पाटी होती. ती त्यांनी दाराच्या मुठीस टांगली आणि दार लोटोन आडव्या जाहल्या. पाटीवर छापील अक्षर होते: काउंटर बंद आहे. शेजारच्या काउंटरवर चौकशी करावी.

मग अघटित वर्तले. ज्या घरात आजवर मनुष्याच्या तोंडचा एकही हुकूम पाळला गेला नव्हता, तेथे छापील अक्षर पाहताच हात खाली आले. नणंदबाईंचे यजमान सरकारी कचेऱ्यांत केस पिकवलेले गृहस्थ, ते सवयीने दारापुढे उभे राहिले आणि त्यांच्या मागे मुले उभी राहिली आणि लाइन थेट बाथरूमपर्यंत गेली. चिरंजीव तोंडास साबण लावून बाहेर पडले, त्यांसही शेवटचा नंबर मिळाला. लाइन इथूनच आहे आणि मध्ये घुसायचं नाही, ऐसे फर्मान निघाले.

मग शेजारचे काउंटर कोणते याविषयी वाद माजला, आणि सोफ्यावर पसरलेले यजमान ते काउंटर ठरले. ते म्हणाले, तिला विचारा. उत्तर आले, ते बंद आहे. तेव्हा यजमान कुरकुरत उठले, त्यांनी कपाट उघडिले, आणि टॉवेल कपाटात असतात हे लग्नाच्या चौदाव्या वर्षी उजेडात आले. कात्री कन्येच्याच दप्तरात सापडली. लाइनीतील लोक परस्परांस उत्तरे देऊ लागले.

परंतु नणंदबाई लाइन मोडोन पुढे आल्या आणि त्यांनी मुठीस हात घातला. आत आईसाहेबांनी चादर डोक्यावरोन ओढिली. इतक्यात सासूबाई काठी टेकीत आल्या आणि फौज दुभंगली. त्यांनी चष्मा चढवोन पाटी वाचली, पुन्हा एकवार वाचली, लेकीस पाहिले आणि शिकलेली माणसं ना तुम्ही, ऐसा एकच सवाल केला. मग खुद्द दार ढकलोन आत शिरल्या. फौजेने जाणले, किल्ला पडला.

आईसाहेब ताडकन उठोन बसल्या. “काय हवंय, आई?”

सासूबाईंनी दार लोटिले, आणि ते पुन्हा उघडू नये म्हणोन खुर्ची लावली.

“सरक तिकडे,” त्या म्हणाल्या. “आणि हळू बोल. मी इथे आहे हे कळलं, तर मला विचारायला येतील.”

येणेप्रमाणे दोन वाजून चाळीस मिनिटांपासून चार वाजून दहा मिनिटांपर्यंत दुपार आईसाहेबांचे कबजात राहिली. तोफ सुटली नाही. शत्रूकडील एक बशी फुटोन कामास आली, याखेरीज हानी नाही. सासूबाईंनी संसारातील ही आपली पहिली फत्ते म्हणोन सांगितले, ते येथे नमूद केले. घोरत कोण होते याविषयी दोन्ही सरदारांनी साफ इन्कार केला, सबब तो मजकूर बखरीत घेतला नाही.